कुटी नऊचे दोन खटके

"कुटी एक?"

"एक ओके, साहेब."

"कुटी दोन?"

"दोन ओके. पाणी लय आलं रात्री. छपराची दोन कवेलू गेली. बाकी बरं."

भिंतीच्या अलीकडे बाळाला मांडीवर घेऊन मी ऐकत होते. रेंज ऑफिसची वायरलेसची खोली आणि आमचं क्वार्टर यांच्यात एकच भिंत, तीही एका विटेची. पलीकडे साहेबांनी पान उलटलं तरी इकडे कळायचं. दोन वर्षं त्या सेटसमोर मीच बसत होते. राष्ट्रीय उद्यानाच्या आमच्या भागात अकरा संरक्षण कुट्या. प्रत्येक कुटीत एक वनरक्षक, एक वनमजूर. रोज सकाळी सातला एकेका कुटीची हजेरी घ्यायची, रजिस्टरात 'ओके' लिहायचं. माझं नाव यामिनी आहे हे फार थोड्यांना ठाऊक होतं. सगळ्यांची मी 'कंट्रोल'. बाळंतपणाच्या रजेवर गेल्यापासून हजेरी आमचे रेंजर बारटक्के साहेब स्वतः घेत होते. मूळचे कोकणातले, नियमाचे एकदम पक्के. वायरलेसवर कुणी "जेवण झालं का?" विचारलं तरी म्हणायचे, "ही सरकारी लहर आहे, ओटा नव्हे."

"कुटी आठ?"

"आठ ओके."

"कुटी नऊ?"

मी श्वास धरला. सेटमधून फक्त फोडणीसारखी चरचर आली.

"कुटी नऊ? नऊ?"

पुन्हा चरचर.

"कुटी दहा?"

चौदा दिवस हे असंच चाललं होतं. कुटी नऊवर माझा नवरा होता, निळकंठ दडमल, आणि त्याच्यासोबत म्हातारे सोमाजी. ही कुटी उमरनाला आणि दुसऱ्या एका नाल्याच्या बेचक्यात. श्रावणात दोन्ही भरले की ती बेट होऊन जाते. चौदा दिवसांपूर्वी वीज कडाडली आणि नऊचा आवाज बंद झाला. सगळे म्हणाले, बॅटरी असेल, ऊन नाही, सोलर चालत नाही. साहेबांनी तीनदा माणसं पाठवली; तिन्ही वेळा ती काठावरून परत आली. पाणी झाडांच्या फांद्यांना लागलेलं. आणि त्याच गडबडीत आमची मुलगी तीन आठवडे आधी आली. आज तिचा बारावा दिवस. तिच्या बापाला ती जन्मल्याचंही माहीत नव्हतं. की तो माहीत होण्याच्या पलीकडे गेला होता, तेही कळायला मला मार्ग नव्हता.

"पाज तिले," आई म्हणाली.

मी पाजायला घेतलं. बाळ दोन घोट ओढायचं, सोडायचं आणि किंचाळायचं. दूध नव्हतंच. चार दिवसांपासून कमी कमी होत आटलं होतं. आईनं खसखस दिली, अळीव दिले, मेथीचे लाडू तर इतके की मला वासही नको झाला होता. उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी काल वजन केलं आणि पुन्हा एकदा केलं. जन्मावेळेपेक्षा कमी. शेळीचं दूध कापसानं पाजणं चालू होतं, ते निम्मं बाहेर येत होतं.

"दूध छातीतून नाही येत बाई, डोक्यातून येते," आई म्हणाली. "तू डोस्कं नाल्याकाठी ठेवून बसली आहेस."

काल संध्याकाळी तर आईनं कहरच केला. माझी नणंद सुगंधा कुटी चारवर वनरक्षक. नऊच्या सगळ्यात जवळची कुटी तिचीच, पण मधे नाला. आणि आमच्या बाजूनंही तिचा रस्ता तुटलेला, त्यामुळे भाचीचं तोंड तिनं अजून पाहिलं नव्हतं. संध्याकाळच्या हजेरीनंतर तिनं हळूच विचारलं, "साहेब, एक मिनिट. लेकरू पिते का बरोबर?" साहेबांनी नियम सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आई दारातून आत शिरली, त्यांच्या हातातला माइक घेतला आणि अकराही कुट्यांना ऐकू जाईल असं ओरडली, "कायचं पिते! पोरीचं दूधच आटलं! तुझा भाऊ बोलल्याबिगर काही खरं नाही!"

 वीस दणकट माणसं, आणि एकाच्या तोंडून शब्द नाही. मी भिंतीकडे तोंड करून पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं.

"अकरा ओके," पलीकडून आलं. हजेरी संपली. साहेबांची खुर्ची सरकली.

मग साहेब म्हणाले, "कुटी नऊ, शेवटचं विचारतो. ऐकू येतंय का?"

खट् खट्.

मी बाळाला छातीशी धरून उठले कधी, दारातून गेले कधी, आठवत नाही. मागून आई ओरडत होती, "अगं कान बांध! बाळंतीण हायेस! वारं भरंल!"

वायरलेसच्या खोलीत साहेब माइक धरून पुतळ्यासारखे उभे होते.

"काय होतं ते?" मी म्हणाले.

उत्तर सेटमधूनच आलं. कुटी सातचे टेकाम काका, जंगलात तीस वर्षं काढलेले. "साहेब, बटन दाबून रायला तो! बॅटरी उतरली का आवाज जात नाही, नुसता खटका जाते. मागल्या साली माझं असंच झालतं. त्याले सगळं आयकू येते, फक्त बोलता येत नाही. एक खटका म्हणजे नाही, दोन म्हणजे हो. इचारा!"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग खुर्ची सरकवून मला बसवलं आणि माइक दिला. स्वतः टेबलाच्या त्या बाजूला गेले, हजेरीचं मोठं रजिस्टर सेटला टेकवून उभं धरलं आणि पेन्सिल काढली.

माझ्या तोंडून नेहमीचंच निघालं. "कुटी नऊ, कंट्रोल बोलते."

खट् खट्.

"बरा आहेस?"

खट् खट्.

"सोमाजी काका बरे?"

खट् खट्.

"जेवायला आहे?"

खट् खट्.

आई मागोमाग दारात आली. मी बटण दाबून ठेवलं. "निळू, ऐक. आपल्याला मुलगी झाली. बारा दिवसांची आहे."

बटण सोडलं. चरचर. एक खटका नाही. मी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी रजिस्टराकडे पाहिलं.

"गेली का काय बॅटरी?" टेकाम काका पुटपुटले.

आणि मग — खट् खट् खट् खट् खट् खट्! एखाद्या पोरानं पत्र्यावर काठी ओढत पळत सुटावं तसं. थांबेचना.

"अरे पुरे बे!" कुटी दोनवरून कुणीतरी ओरडलं. "बॅटरी जाईल, निळ्या!"

"नाचून रायला तो! बटनावर नाचून रायला!" टेकाम काका हसत होते, हसता हसता खोकत होते, आणि बटण त्यांनी दाबूनच ठेवलं होतं, त्यामुळे त्यांचा सगळा खोकला अकरा कुट्यांत गेला.

सुगंधाचा आवाज आला. भरलेला होता, पण तिचा तो दम कायम. "दादा, आज तिचा बारावा दिवस आहे. बारसं आजच करू. आत्या मी आहे, कानात मीच सांगणार. तुझ्या मनात नाव ठरलं आहे ना? आम्ही एकेक नाव घेतो. तू फक्त हो-नाही कर. वैनी, चालते ना?"

मी साहेबांकडे पाहिलं. सरकारी लहर. साहेबांनी घसा खाकरला. "दहा मिनिटं," ते म्हणाले. "आणि शिस्तीत. एका वेळी एकच बोलेल."

शिस्त अर्धा मिनिट टिकली.

"कुटी एक. साहेब, 'वनश्री' ठेवा."

खट्.

"कुटी सहा. 'हरिणी'!"

खट्.

"आपलं जंगल आहे, मोह आहे," टेकाम काका. "मोहिनी! बोल निळू, मोहिनी!"

खट्. हा खटका जरा रागानंच आला असं मला वाटलं.

"काका, मोहाचं नाव तुमाले दुसऱ्याच कारणानं सुचलं," कुटी पाच म्हणाली, आणि लहरीवर असा हशा झाला की तिघांची बटणं एकदम दाबली गेली आणि नुसती शिट्टी वाजत राहिली. मी "लहर मोकळी करा, लहर मोकळी करा" म्हणत राहिले. दोन वर्षं रोज म्हणत होते ते, पण त्या दिवशी म्हणताना मला हसू येत होतं.

कुटी दहानं 'वाघेश्वरी' सुचवलं. खट्. कुटी आठनं बायकोला विचारून सांगतो म्हटलं, बायको गावी होती. आईनं माझ्या खांद्यावरून वाकून 'लक्ष्मी' म्हटलं, कारण घरात मुलगी आली म्हणजे लक्ष्मीच. खट्. "जावई असा कसा!" आई म्हणाली, पण तोंडभर हसत.

मग बारटक्के साहेबांनी माझ्याकडे हात पुढे केला. मी माइक दिला. ते सरळ उभे राहिले. "कंट्रोलवरून बारटक्के. माझ्या मते 'अपर्णा' हे चांगलं नाव आहे. अर्थपूर्ण आहे."

सगळी लहर थांबली. साहेबांना कोण नाही म्हणणार?

खट्.

"हम्म," साहेब म्हणाले आणि माइक परत दिला. पण त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

"मी घेऊ का एक?" सुगंधा म्हणाली. "दादा, 'शेवंती'?"

एक क्षण काहीच नाही.

खट् खट्.

कुट्याकुट्यांतून जो गोंधळ उसळला तो काय सांगू. कुणी थाळी वाजवली, कुणी शिट्टी. टेकाम काका "झालं, झालं, झालं" एवढंच म्हणत होते. आईनं धावत जाऊन हळदीकुंकू आणलं, साहेबांच्या टेबलावरची कागदपत्रं बाजूला लोटून तांदूळ पसरला, त्यावर दुपट्यात बाळाला ठेवलं. मी सेटचा आवाज कमी केला आणि स्पीकर तिच्या कानाजवळ ओढला.

"आयकू जाते ना तिले?" सुगंधानं विचारलं.

"जातंय. सांग."

"कुर्र्र्र..." तिनं म्हटलं, आणि जंगलाच्या कोपऱ्याकोपऱ्यांतून सगळ्यांनी तिच्या मागून म्हटलं, "कुर्र्र्र..." शिट्टी, चरचर, पावसाचा आवाज, सगळं एकमेकांत मिसळलं. त्यातून सुगंधाचा आवाज आला, "शेवंती. शेवंती. शेवंती."

बाळ दचकून रडायला लागलं. मी उचललं, साहेब पाठ करून खिडकीबाहेर पाहायला लागले, आणि तिथंच त्या खुर्चीत मी तिला घेतलं. तिनं ओढलं. नेहमीसारखे दोन घोट, मग तिसरा, मग चौथा. मग तिच्या घशातून तो आवाज आला, गटागट गिळण्याचा. माझा पदर भिजला.  आईनं माझ्या डोक्यावर स्कार्फ बांधला आणि गाठ कानावर घट्ट ओढली.

त्यानंतर नऊचा खटका पुन्हा आला नाही. उरलीसुरली बॅटरी त्यानं नाचण्यात घालवली, असं सगळे म्हणाले. मीही तेच म्हणत होते. भूक लागायला लागली, झोप लागायला लागली. शेवंतीचं वजन आठवड्यात पाव किलोनं वाढलं. एकदा बाळाला घेऊन वायरलेसच्या खोलीत गेले तेव्हा रजिस्टर उघडं होतं. सगळ्या कुट्यांपुढे शाईनं 'ओके', आणि त्या दिवशीच्या नऊपुढे पेन्सिलनं.

"साहेब, हे पेन्सिलनं का?"

"पेन सापडलं नाही," साहेब म्हणाले. आणि बाहेर जाऊन माणसांवर ओरडले, "दोर घेतला का? आज पुन्हा नाल्यावर जायचंय. रोज जायचं, पाणी उतरेपर्यंत!"

मला वाटलं, किती काळजी करतात. तो बरा आहे हे कळल्यावरसुद्धा.

अकराव्या दिवशी दुपारी आई अंगणात बाजेवर बाळाचे कपडे वाळत घालत होती. ती एकदम किंचाळली. मी बाहेर आले. फाटकातून दोघं येत होती. पुढे निळकंठ, दाढी वाढलेली, पायात दोन वेगवेगळ्या चपला. मागे सुगंधा, छातीपर्यंत चिखलानं माखलेली, खांद्यावर दोराचं वेटोळं. पहाटे पाणी कमरेइतकं उतरल्यावर साहेबांची माणसं पोहोचायच्या आधी तीच एकटी दोर बांधून पलीकडे गेली होती; सोमाजी काका त्या माणसांबरोबर मागून येत होते.

निळू पायरीपाशी थांबला. हात पुढे केले, पाहिले, पुन्हा मागे घेतले, विजारीला पुसले. मी शेवंतीला त्याच्या हातांत दिलं. त्यानं तिचं एक बोट धरलं, मग दुसरं, जणू मोजत होता.

"सुगंधानं वाटेत सांगितलं, मुलगी आहे म्हणून," शेवटी तो म्हणाला. "नाव ठेवलं का?"

मी हसले. "आता वेड पांघरू नकोस. तूच नाही का ठरवलंस? साहेबांचं नावसुद्धा नाकारलंस!"

"मी? कधी?"

त्याच्या खांद्यामागून सुगंधा दोन्ही हात हलवत होती, तोंडावर बोट ठेवत होती. पण उशीर झाला होता.

"सेटवर," मी म्हणाले. "खटक्यांनी."

"कोणत्या सेटवर? वीज पडली त्या दिवशी सेट जळाला, यामिनी. बॅटरीचं पाणी झालं. पंचवीस दिवस मी अन् सोमाजी काका नुसता पाऊस आयकत बसलो."

 आईच्या हातातलं झबलं तसंच राहिलं.

आमच्या सेटवर पाच छोटे हिरवे दिवे आहेत. कुणी बटण दाबलं की ते पेटतात. लांबची कुटी असेल तर एक-दोन, जवळची असेल तर पाचही. नऊचे दोनच्या वर कधी पेटत नाहीत, सुगंधाच्या कुटीचे चार पेटतात. दोन वर्षं मी रोज पाहिलेलं. त्या सकाळी मला दिवे दिसले असते, जर साहेबांनी रजिस्टर सेटसमोर उभं धरलं नसतं.

मी सुगंधाकडे पाहिलं. ती पायरीवर बसून बुटातलं पाणी ओतत होती.

"सगळे खटके तुझे?"

"वैनी, आता..."

"आणि मुलगी झाली म्हटल्यावर एवढा वेळ का लावलास?"

"रडत होते," ती म्हणाली. "मग इचार केला, दादा काय करंल? तो बावळा नाचंल. म्हणून नाचले."

"आणि तो..." मी निळूकडे पाहिलं. "तो परत आला नसता तर?"

तिनं दुसरा बूट काढला, उलटा केला. बराच वेळ त्यातून पाणी गळत होतं.

"रोज दुपारी नाल्यावर जात होते. हाका मारत होते. पाण्याच्या आवाजात काई आयकू येत नव्हतं," ती म्हणाली. "तो आला नसता तर तुले तोंड दाखवलं नसतं. पण लेकरू पीत नव्हतं, वैनी. तिच्यासाठी खोटं बोलाले दुसरं कोण होतं? आत्या तर मी आहे."

ऑफिसच्या व्हरांड्यात बारटक्के साहेब उभे होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "दडमल बाई, सरकारी लहरीवर खोटी माहिती दिल्याबद्दल तुम्हाला मेमो मिळेल," असं काहीतरी म्हणाले, आत गेले, आणि तो मेमो आजवर निघालेला नाही.

"थांब, थांब," निळू म्हणाला. त्याला आता कुठे उलगडत होतं. "म्हणजे नाव पण तूच ठेवलं? काय ठेवलं?"

"शेवंती."

"मी 'सरिता' ठरवलं होतं."

"पंचवीस दिवस पाण्यानं कोंडलं अन् तू पोरीले नदीचं नाव ठेवते?" सुगंधा म्हणाली. "बरं झालं तुझा सेट जळाला."

तो हसायला लागला. हसताना त्याच्या हातांत बाळ हलत होतं, तरी ते झोपूनच. मग आईही हसायला लागली आणि मी सुगंधाच्या गळ्यात पडले, चिखलासकट.  जवळून पाहिलं तेव्हा दिसलं, तिच्या गळ्याची हाडं वर आली होती. ते अकरा दिवस मी दोन्ही वेळ पोटभर जेवत होते.

"वैनी," ती माझ्या खांद्यात तोंड खुपसून म्हणाली, "भात हाय का?"

आईनं तिला पाटावर बसवलं. ती जेवायला लागली. भात, वरण, वांग्याची भाजी, पुन्हा भात. आई वाढत राहिली. निळू बाळाला घेऊन तिच्यासमोर बसला आणि बघत राहिला. तिसऱ्या वाढणीला तिनं मान वर केली, घास तोंडात तसाच.

"दादा, रागावू नको. पुढच्या वेळेस नाव तू ठेव. आईशपथ."

पुढच्या वेळेस मुलगा झाला. मे महिना होता, दोन्ही नाले ठणठणीत कोरडे, अकराही सेट चालू. नाव आत्यानंच ठेवलं.